श्रुतिपेटीची दुरुस्ती

तमिळनाडूतील तंजावर शहरापासून सुमारे १३ किलोमीटर अंतरावर, कावेरीच्या तीरी तिरुवैयारु हे गाव वसलेले आहे. 'पाच पवित्र नद्या' असा या नावाचा अर्थ. कर्नाटक संगीतातील थोर वाग्गेयकार संत त्यागराज (१७६७–१८४७) यांच्या आयुष्याचा मोठा काळ याच गावी गेला आणि येथेच त्यांनी देह ठेवला. दर वर्षी पौष वद्य पंचमीला त्यांच्या समाधीपाशी आराधना होते. त्या दिवशी शेकडो गायक-वादक जमिनीवर ओळीने बसतात आणि नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री या पाच रागांतील त्यांच्या 'पंचरत्न' कृती एकत्र गातात. त्यांत नामवंत विद्वान असतात आणि नुकतेच शिकू लागलेले विद्यार्थीही असतात. वय, भाषा, आवाजाची जात हे सारे भिन्न असूनही त्यांना एकत्र बांधून ठेवणारी गोष्ट एकच असते. ती म्हणजे आधारश्रुती, म्हणजेच सतत गुंजत राहणारा षड्ज.

हा षड्ज पूर्वी तंबोऱ्यातून किंवा भात्याच्या श्रुतिपेटीतून मिळत असे. आज त्यांच्या जोडीला, आणि पुष्कळदा त्यांच्या जागी, विजेवर चालणारी एक छोटी पेटी दिसते. व्यासपीठावर ती कोणाच्या लक्षातही येत नाही. मात्र तिच्यावरील एखादे बटण झिजले आणि सूर डळमळू लागला, की सगळ्यांचे लक्ष तिच्याकडेच जाते. ही झीज का होते, ती कशी ओळखावी आणि कशी दूर करावी, हे समजून घेण्याजोगे आहे.

मराठी वाचकाला हा प्रदेश परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरला आपली सत्ता स्थापन केली आणि १८५५ पर्यंत तेथे मराठ्यांचे राज्य नांदले. त्यागराजांचे आयुष्य याच कालखंडात गेले. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी सरस्वती महाल ग्रंथालयाची भरभराट केली, तसेच संगीतालाही आश्रय दिला. त्याच काळात व्हायोलिन हे युरोपीय वाद्य कर्नाटक संगीतात रुजले. परक्या वाद्याचा नाद परंपरेने निरखून पाहिला, तो आपल्या उपयोगाचा आहे हे ओळखले, वाद्य धरण्याची पद्धत बदलली आणि ते आपलेसे केले. विजेवरील श्रुतिपेटी ही या परंपरेत अगदी अलीकडे आलेली पाहुणी आहे.

बंगळूरचे अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. प्रवासात नाजूक तंबोरा सांभाळणे कठीण असते. तो सुरात लावून देणारा आणि मैफलभर छेडत बसणारा साथीदार दर वेळी मिळतोच असे नाही. एकट्याने रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण तर याहून मोठी. म्हणून ही नवी पेटी अल्पावधीतच घरोघरी पोहोचली.

या पेटीच्या आत काय असते? जुन्या बनावटीच्या पेटीत विद्युत्-आंदोलक नावाचे मंडल असते. एका ठरावीक वेगाने वीज मागे-पुढे हेलकावे घेते. ते हेलकावे ध्वनिवर्धकापर्यंत पोहोचले, की त्यांतून सूर उमटतो. हेलकाव्यांचा वेग वाढला की सूर चढतो आणि कमी झाला की उतरतो. षड्ज, पंचम आणि तार षड्ज यांचे सूर अशाच रीतीने तयार होतात. पेटीच्या दर्शनी भागावर काही बटणे असतात. एकाने आवाज लहान-मोठा करता येतो, दुसऱ्याने पट्टी बदलता येते, तिसऱ्याने सूर केसभर इकडे-तिकडे सरकवता येतो.

सिंथेसायझर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाद्याचे तत्त्वही हेच आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर बसवण्यात आला आणि भारतीय संगीतकारांनी त्यावर प्रयोग केले. पुढे १९८२ मध्ये मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीच्या 'ज्युपिटर-८' या सिंथेसायझरवर आणि त्याच कंपनीच्या दोन ताल-मंद्र यंत्रांवर दहा राग वाजवून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. मूग, ज्युपिटर आणि श्रुतिपेटी यांच्या किमतीत व आकारात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरीही वादकाचे बोट ज्या भागावर पडते तो भाग तिन्हींत एकाच जातीचा असतो, आणि म्हणून त्यांचा आजारही एकच असतो.

त्या भागाला पोटेन्शिओमीटर म्हणतात. दुरुस्तीच्या दुकानात त्याला नुसते 'पॉट' किंवा 'कंट्रोल' असे म्हणण्याची रीत आहे. बटणाखाली पत्र्याची एक छोटी डबी असते. डबीत घोड्याच्या नालासारखी वळलेली कार्बनची पट्टी असते आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक तार जोडलेली असते. बटणाच्या दांड्याला धातूची एक लवचीक जीभ जोडलेली असते. बटण फिरवले की ही जीभ कार्बनच्या पट्टीवरून घासत पुढे जाते. विजेला कार्बनमधून जितका लांबचा प्रवास करावा लागेल तितका तिला होणारा रोध अधिक. अशा प्रकारे बोटाच्या हालचालीचे रूपांतर विजेच्या कमी-अधिक प्रवाहात होते आणि त्याचे रूपांतर पुढे सुरात होते.

घासणे आले की झीज आलीच. वर्षानुवर्षे जीभ एकाच मार्गाने फिरत राहते आणि कार्बनचा थर पातळ होत जातो. गायक बहुधा एकाच पट्टीत गातो. त्यामुळे बटणाची हालचाल एका लहानशा टापूतच होत राहते आणि नेमका तेवढाच भाग खरवडला जातो. कावेरीच्या खोऱ्यातील दमट हवा धातूवर गंजाचा पातळ थर चढवते. डबीच्या फटीतून धूळ आत शिरते, दांड्याला लावलेले वंगण वाळून घट्ट होते. मग बटण फिरवताना 'खर्र खर्र' असा आवाज येऊ लागतो. हे दुखण्याचे पहिले लक्षण होय. आवाजाच्या बटणात हा दोष असला तर तो केवळ कानाला त्रास देतो. तोच दोष सुराच्या बटणात असला तर त्याचे परिणाम अधिक गंभीर होतात.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या पेटीचा षड्ज सेकंदाला २४० कंपनांवर लावला आहे असे मानू. झिजलेल्या जागी जिभेचा स्पर्श क्षणभर सैल झाला आणि कंपने एका टक्क्याने वाढली, तर ती २४२.४ होतील. हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. दोन लगतच्या स्वरांतील अंतराचे १०० भाग कल्पिले, तर त्यांपैकी सुमारे १७ भाग एवढा हा फरक आहे. शेजारी सुरात लावलेला तंबोरा वाजत असेल, तर दोन्ही नाद एकमेकांशी झगडू लागतात आणि सेकंदाला दोन-तीन वेळा 'वँव वँव' असे हेलकावे ऐकू येतात. तयार कानाच्या गायकाला ते तत्काळ कळते.

नवशिक्या विद्यार्थ्याची गोष्ट मात्र वेगळी असते. त्याच्या जवळ दुसरा तंबोरा नसतो. पेटी देईल तोच त्याचा षड्ज. पेटी हळूहळू चढली की त्याचा गळाही तिच्यामागे चढतो, ती घसरली की तोही घसरतो. आपण बेसूर होत आहोत असे वाटून तो स्वतःलाच दोष देतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे अस्थिर सुराचीच त्याच्या कानाला सवय होते. बटणाची दुरुस्ती हा केवळ यंत्राचा प्रश्न नाही तो यामुळेच. ज्या आधारावर कान घडायचा, तो आधारच येथे पणाला लागलेला असतो.

वाद्य झिजते आणि त्याला पुन्हा नीट करावे लागते, ही जाण काही विजेच्या वाद्यांबरोबर आलेली नाही. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते. २०१३ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. तिच्या दांडीवर धातूचे २४ पडदे असतात. हे पडदे खिळ्यांनी ठोकलेले नसतात, तर कोळशाची पूड मिसळून काळ्या केलेल्या मेणात बसवलेले असतात. तारांच्या घर्षणाने पडद्यांवर खाचा पडतात, उष्णतेने मेण ढिले होते आणि पडदे जागेवरून किंचित सरकतात. मग कारागीर जुने मेण काढतो, पडदे घासून साफ करतो, नवे मेण लावतो आणि प्रत्येक पडदा कानाने पारखून त्याच्या जागी बसवतो. पडदे पक्के ठोकले असते, तर वीणेला असे पुन्हा सुरात आणता आले नसते. मेणाचा मऊपणा ही वरवर पाहता उणीव वाटते. दुरुस्तीच्या दृष्टीने तीच मोठी सोय आहे.

महाराष्ट्रात मिरजेच्या तंतुवाद्यांच्या कारागिरांकडेही हीच दृष्टी आढळते. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक लाभला. तंबोऱ्याची तार घोडीच्या किंचित गोलसर पृष्ठभागावर टेकलेली असते आणि तेथील सूक्ष्म स्पर्शातून तंबोऱ्याचा झंकार उमटतो. तारेने घोडीवर खाच पाडली की नाद मुका होतो. मग कारागीर कानसीने आणि काचेच्या कागदाने तो पृष्ठभाग पुन्हा घडवतो. यालाच जवारी काढणे म्हणतात. हे काम मोजपट्टीने होत नाही. थोडे घासायचे, तार चढवायची, ऐकायचे आणि पुन्हा घासायचे, अशा धीराने ते पुरे होते. घोडीवरील खाच आणि कार्बनच्या पट्टीवरील खाच या दोन्ही एकाच कारणाने पडतात. दोन्ही ठिकाणी एक वस्तू दुसरीवर घासत असते आणि त्या स्पर्शातूनच सूर ठरत असतो.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीकडे वळू. पहिले काम ऐकण्याचे. बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. खरखर सर्वत्र सारखी येत असेल, तर आत धूळ वा गंज असण्याची शक्यता अधिक. ती एकाच ठिकाणी येत असेल, तर तेथील कार्बन झिजला आहे असे समजावे. बटण न फिरवताही सूर हलत असेल, तर दोष कदाचित बटणात नसेल. निसटलेला डाख, सैल तार किंवा वीजपुरवठ्यातील बिघाड हेही कारण असू शकते. निदान चुकले तर चांगला भाग काढून फेकला जातो आणि दुखणे तसेच राहते.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. घरातील विजेवर चालणारे कोणतेही यंत्र उघडण्यापूर्वी त्याची पिन भिंतीवरील खोबणीतून काढावी. केवळ कळ बंद करून भागत नाही. यंत्रातील काही धारित्रे वीज तोडल्यानंतरही काही काळ भार साठवून ठेवतात. म्हणून थोडा वेळ थांबावे आणि अनुभव नसेल तर जाणकार कारागिराच्या देखरेखीखालीच काम करावे.

दोष धुळीचा किंवा गंजाचा असेल, तर बहुतेक वेळा स्वच्छतेने काम भागते. विद्युत्-स्पर्श साफ करण्यासाठी बनवलेला फवारा बाजारात मिळतो. त्याला 'कॉन्टॅक्ट क्लीनर' म्हणतात. डबीच्या फटीतून त्याचा अगदी थोडा फवारा आत सोडावा आणि बटण दोन्ही टोकांपर्यंत वीस-तीस वेळा फिरवावे, म्हणजे मळ सुटून बाजूला सरतो. त्यानंतर द्रव पूर्ण वाळेपर्यंत यंत्र चालू करू नये. शिवणयंत्राचे किंवा डोक्याचे तेल येथे कधीही वापरू नये. तेलाने खरखर चार दिवस थांबते खरी. पण पुढे त्यावर धूळ चिकटून चिखल होतो आणि दोष दुपटीने परततो.

स्वच्छ करूनही खरखर गेली नाही, तर मोजमाप करावे लागते. पॉटच्या तिन्ही जोडण्या मंडलापासून मोकळ्या करून मल्टिमीटरने रोध मोजावा. कडेच्या दोन टोकांमध्ये संपूर्ण पट्टीचा रोध मिळतो. मग मधले टोक आणि कडेचे एक टोक यांना मीटर जोडून बटण सावकाश फिरवावे. निरोगी पॉटमध्ये रोध संथपणे वाढत वा घटत जातो. झिजलेल्या जागी तो एकाएकी उसळी घेतो. यासाठी काट्याचा जुना मीटर अधिक उपयुक्त ठरतो, कारण त्याच्या काट्याची थरथर डोळ्यांना लगेच दिसते.

झीज पक्की असेल, तर पॉट बदलणे हा सरळ मार्ग. तो निवडताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, एकूण रोध. जुन्यावर १०० किलोओहम असेल, तर नवाही तेवढाच हवा. दुसरी, रोध वाढण्याची रीत. काही पॉटमध्ये तो फिरवण्याच्या प्रमाणात समान वाढतो, तर काहींत आधी हळू आणि मग झपाट्याने. सुराच्या बटणाला बहुधा पहिला प्रकार लागतो, आवाजाच्या बटणाला दुसरा. डबीवर यासाठी अक्षर छापलेले असते, परंतु वेगवेगळ्या देशांत व काळांत त्या अक्षरांचे अर्थ बदललेले आहेत. म्हणून बटण बरोबर मध्यावर ठेवून रोध मोजावा. तो निम्मा आला, तर पॉट समान वाढीचा आहे असे निश्चित समजावे. तिसरी, दांड्याची लांबी व आकार. हे जुळले नाही तर जुने बटण त्यावर बसत नाही.

जुना भाग काढण्यापूर्वी कोणती तार कोठे जोडलेली आहे याची आकृती कागदावर काढून ठेवावी. स्मरणशक्तीवर विसंबून केलेले काम पुष्कळदा फसते. कडेच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या, तर बटण उजवीकडे फिरवल्यावर सूर चढण्याऐवजी उतरू लागतो. डाख वितळवताना तापलेली सळई एका जागी फार वेळ टेकवू नये, अन्यथा पाटीवरील तांब्याची रेघ उचकटून येते. नवा भाग बसल्यावर डाख चकचकीत व गुळगुळीत दिसला पाहिजे.

काही वेळा नवा भाग मिळतच नाही. ज्युपिटरसारख्या चार दशकांपूर्वीच्या सिंथेसायझरमध्ये फिरत्या बटणांबरोबर सरळ रेषेत सरकणाऱ्या पट्ट्याही असतात. त्यांच्या विशिष्ट मापाचे भाग मिळणे अवघड असते. अशा वेळी कुशल कारागीर डबीचे वाकवलेले कान हळुवारपणे उघडतो, वाळलेले वंगण पुसून काढतो आणि धातूची जीभ केसभर बाजूला वाकवतो. जीभ आता जुन्या खाचेतून न जाता तिच्या शेजारच्या, न झिजलेल्या कार्बनवरून जाते. एकही नवा भाग न वापरता त्या वाद्याला आणखी काही वर्षांचे आयुष्य लाभते. येथे मिरजेच्या कारागिराची आठवण व्हावी. त्याचेही काम असेच अगदी थोडे, पण नेमके असते.

दुरुस्तीनंतरची शेवटची परीक्षा पुन्हा कानाचीच. पेटी सुरू करून ती काही मिनिटे तापू द्यावी, कारण जुन्या मंडलांचा सूर तापमानाबरोबर थोडा सरकतो. मग नादकाट्याशी किंवा नीट लावलेल्या तंबोऱ्याशी षड्ज जुळवावा. हेलकावे मंदावत मंदावत पूर्ण थांबले, म्हणजे सूर जुळला. बटण हलवावे, पुन्हा त्याच जागी आणावे आणि सूर परत तेथेच येतो का ते पाहावे. तो आला, तर दुरुस्ती पुरी झाली.

या कामात संयम हा कौशल्याइतकाच महत्त्वाचा आहे. एका बटणात दोष आढळला म्हणून सगळी बटणे बदलण्याचा मोह आवरावा. जुन्या वाद्याचा स्वभाव त्याच्या जुन्या भागांत असतो. जे नीट चालते त्याला हात लावू नये, आणि जे काढले ते फेकून न देता चिठ्ठी लावून पेटीसोबत जपून ठेवावे. पुढे कधी दुसरा कारागीर ती पेटी उघडील, तेव्हा त्याला तिचा पूर्वेतिहास कळेल.

आज बहुतेक श्रुतिपेट्या अंकीय तंत्राच्या आहेत आणि भ्रमणध्वनीवरही तंबोरा ऐकता येतो. त्यांचा सूर जुन्या पेटीसारखा सहज सरकत नाही, हा त्यांचा मोठा गुण होय. तथापि त्यांवरील बटणेही बोटांनीच दाबली व फिरवली जातात आणि वापराने तीही झिजतात. अनेक यंत्रे तर उघडताच येऊ नयेत अशा रीतीने बंद केलेली असतात. किरकोळ बिघाडासाठी संपूर्ण यंत्र टाकून देणे मग अपरिहार्य ठरते. मेणात पडदे बसवणाऱ्या वीणाकाराने असा विचार केला नव्हता. वाद्य वाजेल तर ते झिजेल आणि झिजेल तर ते कोणीतरी पुन्हा नीट करील, हे त्याने वाद्य घडवतानाच गृहीत धरले होते.

तिरुवैयारुला आराधनेच्या दिवशी हजारो श्रोत्यांच्या कानी पडतो तो त्यागराजांच्या कृतींचा नाद. त्या नादाखाली षड्ज अखंड चालू असतो आणि तो स्थिर असतो तोवर त्याची कोणी दखल घेत नाही. वीणेचे पडदे बसवणारा, तंबोऱ्याची जवारी काढणारा आणि श्रुतिपेटीचे बटण बदलणारा, या तिघांचीही नावे कार्यक्रमपत्रिकेत नसतात. त्यांनी आपले काम चोख केलेले असते म्हणूनच गायकाला त्यांची आठवण काढावी लागत नाही.